तीन ओळी अळूच्या

प्रिय धाकल्या,

तुझ्या तराजूच्या साखळीची किणकिण अजून कानात आहे. एकेक अळकुडी पारड्यात टाकायचास आणि वजनाचा आकडा पाढ्यासारखा मोठ्यानं म्हणायचास. बाबा दरवर्षी अळूचे मोठे कंद खायला काढत, बारके बेण्याला ठेवत. चांगलं ते पोटात, उरलंसुरलं मातीत, मग पीक येणार कुठून, असं तू त्यांना तोंडावर विचारलंस. तेही हट्टी. म्हणाले, दोन वाफे लाव, एकात तुझे मोठे, एकात माझे बारके. तुझा वाफा जिंकला तर शेतकी शाळेत जा, नाही तर मुकाट आपल्या दुकानात बस.

मी तेव्हा बांधावर बसून पानावरच्या थेंबावर कविता करत होतो. आमच्या शाळेतल्या कवितांत अळू म्हणजे पान आणि त्यावरचा थेंब. खाली मातीत काय चाललंय ते बघायला एकही कवी वाकला नाही. मी वाकलो तो सत्तरीत.

यंदा अंगणात तीन ओळी लावल्या. सुपारीएवढ्या कंदांची एक, लिंबाएवढ्यांची एक, मुठीएवढ्यांची एक. तुझा पत्ता शोधून तसं कार्डही टाकलं होतं. उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. रोज सकाळी पट्टी घेऊन निघालो की सूनबाई म्हणते, बाबा हजेरी घ्यायला चालले. लिंबाएवढे आठ दिवस आधी उगवले, पानंही रुंद, आणि काढणीला सुपारीवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट भरले. पण मुठीएवढे लिंबाएवढ्यांहून फारसे पुढे गेले नाहीत. असं का रे? अंगातली शिदोरी एका मापापलीकडे कामी येत नाही का? हे विचारायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

लावणीच्या दिवशी मदतीला आलेल्या रोपवाटिकेतल्या माळ्यानं माझा हात धरला. "मास्तर, उलटा पुरताय. कोंब वर हवा." त्याआधी जन्मात एकदाच मी अळकुड्या पुरल्या होत्या, त्याही उलट्याच गेल्या असणार. तू लावणी करून जेवायला गेलास, तेव्हा तुझ्या वाफ्यातले मोठे कंद उकरून मी ओढ्यात सोडले आणि बाबांच्या टोपलीतले बारके त्या जागी दडपले. तू गेलास तर माझ्या कविता ऐकायला घरात कोण उरणार, एवढंच डोक्यात होतं. काढणी तू स्वतःच्या हातानं केलीस, हरलास, आठ महिने दुकानात बसलास आणि एक दिवस न सांगता निघून गेलास. त्रेपन्न वर्षं झाली. तू चुकला नव्हतास. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन ओळी लावाव्या लागल्या.

तुझाच, अजूनही असेन तर,
दादा

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात दार वाजलं. दारात तिशीतली एक मुलगी, हातात जड पिशवी, कपाळ थेट तुझं. चप्पल काढता काढता म्हणाली, "मोठे काका ना? बाबांनी बेणं पाठवलंय. म्हणाले, या वेळी कोंब वर ठेवून लावा."