वाणाच्या कुंड्या

९ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
उठलो. रिटायर झाल्यापासून लवकर उठायला काही कारणच उरलं नाही. ट्रेझरीत जन्म गेला घड्याळ बघण्यात, आता घड्याळाने माझ्याकडे बघत बसावं.

चहाबरोबर हिने बॉम्ब टाकला. यंदा नल्लकुंट्यातल्या आपल्या महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी. पन्नासेक बायका. वाण आणायला बेगम बाजार. सोबत मी, म्हणजे पिशव्यांना हात माझे. त्या गल्ल्यांत स्कूटर शिरत नाही, आणि शिरली तर निघत नाही.

लगेच सुचलं. म्हणालो, विकतचं वाण कशाला? स्टीलच्या वाट्या प्रत्येकीच्या माळ्यावर पोतंभर पडल्यात. यंदा फुललेली कुंडी द्यायची. मधोमध झेंडू, कडेला तुळस. सगळं मी बाल्कनीत वाढवतो. आपल्या हैदराबादचा हिवाळा बागेसाठीच असतो.

ही बघतच राहिली. म्हणाली, नक्की ना? ऐनवेळी माझी फजिती नको. मंडळ पहिल्यांदाच आपल्या घरी येतंय. मी म्हणालो, शब्द दिला.

बेगम बाजार टळला. दुपारी छान झोप लागली.

११ नोव्हेंबर
ही सकाळीच बाहेर जाऊन आली. कुठे गेली होतीस विचारलं, तर म्हणाली, बायकांना कामं असतात. असतील.

बागकामाचे व्हिडिओ बघितले. बागकाम सोपं आहे. लोक उगाच बाऊ करतात.

१२ नोव्हेंबर
अंबाजीराव रस्त्यात भेटले. समोरच्या बिल्डिंगमधले. त्यांच्या कुसुमताई मंडळाच्या सेक्रेटरी. बोलता बोलता कुंड्यांचं सांगून टाकलं. संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज: "यंदाचं वाण नामदेवरावांच्या हातची बाग!" खाली टाळ्या, नमस्कार, फुलं. ही फोन बघत होती. 

आता माघार नाही. माघार घेणार तरी कोण होतं?

२० नोव्हेंबर, सकाळी ६.१५
काल कुंड्या आल्या. माती आली. बाल्कनी भरली. कपडे वाळत घालायची दोरी मी काढून टाकली. ही म्हणाली, कपडे कुठे वाळवू? मी म्हणालो, मोठ्या कामात असं होतंच.

हिने कोपऱ्यात, पुलावातून उरलेल्या पुदिन्याच्या काड्या रंगाच्या रिकाम्या बादलीत खोचून ठेवल्या. मी बादली वॉशिंग मशीनच्या पाइपखाली सरकवली. हौशी आणि शास्त्रशुद्ध बागकाम एकत्र नको.

२९ नोव्हेंबर, सकाळी ६
कोंब आले! सगळ्या कुंड्यांत! हिला उठवून दाखवले. चष्मा लावून तिने एकेक कुंडी बघितली. म्हणाली, छान आलेत हो. अंगावर मूठभर मांस चढलं.

श्रुतीला फोटो पाठवला. तिला मराठी वाचायचा कंटाळा, म्हणून इंग्रजीत लिहिलं. तिचं उत्तर: "वॉव बाबा, पण प्लीज ओव्हरवॉटर नको." मुली गच्चीबोलीच्या आयटी कंपन्यांत नोकरीला लागल्या की बापालाही ट्रेनिंग देतात.

११ डिसेंबर
थंडी पडली. पेपरात चौदा डिग्री. अख्खं शहर माकडटोप्यांत. दूधवालाही म्हणाला, क्या सर्दी है साब, हाथां अकड रहे.

माणसांची ही गत, तर कोवळ्या रोपांची काय? रात्री प्रत्येक कुंडीवर प्लास्टिकची पिशवी बांधली. त्यावर हिच्या जुन्या साड्या, माझी ऑफिसची शाल. सकाळी पिशव्यांना आतून पाणी सुटलेलं. म्हणजे रोपांना ऊब मिळतेय. ही म्हणाली, गुदमरतील हो ती. मी म्हणालो, तुला गारठा बाधत नाही, त्यांना बाधतो.

पुदिन्याला पांघरूण घातलं नाही. पुदिना उघडा पडलाय. त्याचं त्याला.

२३ डिसेंबर
श्रुतीचा फोन. सुट्टीत चार दिवस राहायला या, शुक्रवारी बाहेर जेवू. फार जावंसं वाटलं. पण सकाळी पिशव्या काढायच्या, पाणी घालायचं, दुपारी कुंड्या उन्हाकडे वळवायच्या, संध्याकाळी पिशव्या बांधायच्या. कसा जाणार? ही एकटीच गेली.

ट्रेझरीत निदान रजा तरी मिळायची.

२६ डिसेंबर
रोपांचा रंग थोडा बदललाय. पानं पिवळी. झेंडूच तो, पिवळाच असणार.

३ जानेवारी, सकाळी ६
बुडाशी काळी पडली. एकेक आडवं होतंय. कारणं: १) कबुतरं. २) बियाणं. ३) कबुतरं.

पिशव्या डबल केल्या.

७ जानेवारी
सकाळी उरलेली रोपं दहा. नंतर मोजली नाहीत.

भाजीला उतरलो तर कुसुमताई. म्हणाल्या, खिडकीतली जागा रिकामी करून ठेवलीये हं तुमच्या झेंडूला. पुढे अंबाजीराव. म्हणाले, आमच्या हिने दिलसुखनगरच्या बहिणीलाही बोलावलंय, खास कुंडीसाठी. भाजी न घेताच वर आलो. वर बाल्कनी. खाली मंडळ. मध्ये मी.

हिला सांगायला हवं. आज रात्री सांगतो.

८ जानेवारी
काल हिचं डोकं दुखत होतं. नाही सांगितलं.

१४ जानेवारी
संक्रांत. हिने तिळगूळ दिला, म्हणाली, गोड बोला. आता गोड कुठून बोलू? तोंड उघडलं, तेवढ्यात हिने त्यात दुसरा लाडू घातला. अजून एकदाही हिने विचारलेलं नाही की कुंड्या कुठवर आल्यात. रोज सकाळी चहा घेऊन बाल्कनीच्या दारात उभी राहते, बघते आणि आत जाते. विचारलं असतं तर भांडण तरी काढता आलं असतं.

झोप उडालीये. हिची फजिती होणार, चारचौघींत, आमच्याच घरात, आणि माझ्यामुळे. 

२३ जानेवारी
तोडगा सापडला! उद्या हळदीकुंकू. सकाळी झेंडूची फुलं आणायची आणि वाळक्या काड्यांना दोऱ्याने बांधायची. बायका संध्याकाळी येणार. त्या उजेडात कोणाला काय कळतंय?

२५ जानेवारी
काल काय झालं ते लिहून ठेवतो. पुन्हा आठवायचं नाही.

दुपारी ही गजरे आणायला गेली, तेव्हा मी फुलं घेऊन बाल्कनीत. लुंगी, बनियन. काड्या मोडत होत्या. एक फूल बांधेपर्यंत आधीचं गळत होतं. ही परत आली, बाल्कनीच्या दाराला आतून कडी लागली, तेही कळलं नाही. बेल वाजली. बायका वेळेआधीच! हॉल भरून गेला. आता लुंगीवर, हातात दोरा घेऊन, पन्नास बायकांतून कसा जाणार? पडदा ओढलेला होता. कुंड्यांमध्ये उकिडवा बसलो.

आत अत्तर, हळदीकुंकू, हसणं. मग कुसुमताईंचा आवाज: अगं भाग्यलक्ष्मी, किती सुबक वाट्या! कुठून आणल्यास?

ही म्हणाली, बेगम बाजार. नोव्हेंबरातच आणून ठेवल्या.

बसलोच मी. नोव्हेंबर!

कोणीतरी म्हणालं, आणि कुंड्या? ही म्हणाली, अहो काय सांगू, इतका जीव लागलाय त्यांचा, द्यायला मनच होईना. मीच म्हटलं, राहू द्या. त्यावर सगळ्या कौतुकाने हसल्या. कुसुमताई म्हणाल्या, मग बघून तरी येऊ. खुर्च्या सरकल्या. कडीचा आवाज झाला. मी डोळे मिटले.

ही म्हणाली, आत्ता नको हं. दिवेलागण झाली. झोपलेल्या झाडांना उठवू नये.

कडी परत लागली. ते मात्र खरंच, असं म्हणत सगळ्या मागे वळल्या.

प्रत्येकीच्या वाटीत तिळगुळाच्या पुडीबरोबर पुदिन्याची जुडी होती. त्या बादलीतली. पुदिना पाइपखाली इतका माजला होता की सगळ्यांना पुरून उरला. घरचा का, किती वास आहे, असं चाललं होतं. मी इकडे थंडीने कुडकुडत होतो. माझी शाल कुंड्यांवर, ओढावी तर आवाज होणार.

सगळ्या गेल्यावर हिने दार उघडलं. चहा दिला. म्हणालो, वाट्या नोव्हेंबरातच आणल्यास, मग मला का करू दिलंस हे? ही ट्रे आवरत म्हणाली, तुम्ही सकाळी उठत होतात ना.



२८ जानेवारी, सकाळी ६.१०
जाग आली. कुंड्या तर रिकाम्या. पण विचार केला. चूक माझी नव्हती, झेंडूची होती. चूक सुधारता येते. माती तयार आहे, अनुभव आलाय, थंडीही सरतेय. पाडव्याच्या गुढीला मोगऱ्याची माळ आपल्याच बाल्कनीतली. अंबाजीरावांना आत्ताच मेसेज टाकला.

हिला सांगितलं. हिने सगळं ऐकलं. मान डोलावली. मग पिशवी घेतली, चपला घातल्या.

विचारलं, कुठे निघालीस?

म्हणाली, बेगम बाजार.