लेबलाखालचं शीत

सुकोहार्जो, सोमवार

वडीलधाऱ्या ताईस,

धाकट्या वार्दोयोचा गुडघ्यांना हात लावून सलाम. तिकडे सोलोत आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायच्या मशीनला लावतात, त्यानंतर येणारे पायातले गोळे कमी झाले का? पाणी मोजून पितेस ना? इकडे सगळे ठीक, म्हणजे मी ठीक आहे आणि गियार्ती तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही. (बायको बोलत नसली की घरातलं घड्याळसुद्धा मोठ्यानं वाजतं.) फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर माझा आवाज ऐकलास की तुला सगळं कळतं, म्हणून हे पत्र.

आपलं रक्त जुळलं होतं. माझी किडनी तुला चालेल की नाही हे ठरवणारी एकच तपासणी उरली होती, आणि ती फिसकटली. लोकांनी तिखटमीठ लावून तुला सांगितलंच असेल, तर आता खरं ऐक. (साधारण खरं.) प्रयोगशाळेतल्या एन्दाबाईंनी मला एक पांढरा कॅन दिला. सकाळची पहिली लघवी टाकायची, मग दुसऱ्या सकाळपर्यंतचा थेंब न् थेंब त्यात जमवायचा, आणि कॅन थंड ठेवायचा. चोवीस तास माणूस कॅनला बांधलेला! त्यात नेमकं त्याच दिवशी आमच्या गल्लीचे प्रमुख मंगूनकाका यांच्या नातवाचं नाव ठेवण्याचं जेवण. मी बर्फाच्या डब्यात कॅन घालून गेलो, तर जो तो विचारी, "काय रे, बायकोचा जामू आता तू विकतोस वाटतं?" मी हसलो, बसलो, उठलो, पुन्हा बसलो. दिवसभर एका जागी बूड टेकलं नाही.

आमचा फ्रिज तू पाहिलाच आहेस. गियार्तीचा धंदा जामूचा, हळद-चिंचेच्या त्या पिवळ्या काढ्याचा. तिचेही कॅन पांढरे, तेवढेच, माझ्या कॅनला खेटून. (आतला रंगही, आता काय सांगू, लांबचा नव्हता.) फ्रिजच्या ओलाव्यानं माझ्या नावाचं लेबल सुटलं आणि शेजारच्या कॅनला चिकटलं. मी सकाळी लेबल बघून कॅन उचलला आणि नेऊन दिला. यात माझा दोष काय?

दुपारी एन्दाबाईंचं बोलावणं. पट्टी बुडवली तर साखरेचा रंग गडद होत गेला तो थांबेचना. सूक्ष्मदर्शकाखाली हळदीचे कण. आणि क्रिएटिनिन, जे म्हणे जिवंत माणसाच्या लघवीत असतंच असतं, ते शून्य. बाई म्हणाल्या, "भाऊ, या कागदाप्रमाणे तुम्ही हयात नाही." मग लेबलाचा कोपरा नखानं उचलत, "आणि याच्याखाली भाताचं शीत आहे." मी म्हटलं, आमच्याकडे भात फार होतो.

मग खरा प्रश्न उभा राहिला, की माझा कॅन गेला कुठे? त्या सकाळी गियार्ती पाठीला टोपली बांधून गल्लीभर जामू पाजून आली होती, आणि मंगूनकाकांनी "पोरी, आज चव काही निराळीच!" म्हणत दुसरा पेला मागून घेतला होता. आता आपली माणसं तोंडावर विचारतील तर शपथ. एकेक जण येऊन बसला, मिरचीवरच्या किडीबद्दल बोलला आणि चहाला हात न लावता गेला. शनिवारी मात्र अकरा जण आपापली बाटली घेऊन एन्दाबाईंच्या दारात रांगेनं उभे. सगळ्यात पुढे मंगूनकाका. म्हणे, "मला काही झालेलं नाही, मी आपला रांग सरळ ठेवायला आलोय." सगळे धडधाकट निघाले, काकांना तेवढी साखर निघाली. गियार्तीनं होते नव्हते ते सगळे कॅन मोरीत ओतले आणि एकदाच बोलली, "भात मी शिजवते. लेबलं मी चिकटवत नाही." तेव्हापासून गप्प आहे.

असो. तुझ्याबद्दल मनाला फार लागून राहिलं आहे. जपून राहा.

तुझा धाकटा,
वार्दोयो

ता. क. पत्र चार दिवस तसंच पडून होतं. ताई, कुणीही तसलं काही प्यायलेलं नाही. लेबल मीच चिकटवलं, शितानं. माझा कॅन पपईच्या बुंध्याशी ओतला. मला भीती वाटली, बाकी काही नाही. सुंतेच्या दिवशी मी उसात लपलो होतो, तेव्हा तूच शोधून काढलंस आणि कुणाला सांगितलं नाहीस. या वेळी मीच गियार्तीला सांगितलं आणि मग अकराही घरी जाऊन माफी मागितली. मंगूनकाका जरा हिरमुसले. मग ती चव कशाची होती, म्हणतात.

आणखी एक. पुन्हा चोवीस तास कॅन भरला. गियार्ती फ्रिजसमोर स्टूल टाकून बसली होती. आज अहवाल आला. या कागदाप्रमाणे मी हयात आहे आणि माझी किडनी तुला चालते. पण एन्दाबाई म्हणाल्या, पहिल्या कॅनची हकिगत ऐकल्यावर तू डॉक्टरांना सांगितलंस, "त्याला नकोय, सोडा त्याला," आणि सही केली नाहीस. म्हणजे माझा आवाज न ऐकताही तुला कळलं होतं. सही कर, ताई. हे पत्र एवढ्याचसाठी.

शेवटचं. भीती अजून तेवढीच आहे. ठरल्या दिवशी मी सापडलो नाही तर त्याच उसात, विहिरीकडच्या बाजूला बघा. गियार्तीला जागा दाखवून ठेवली आहे.