ढोल माझ्या मागे येणार होता

३ फेब्रुवारी, सोमवार
वहिनीने आज जाहीर केलं. नवीन डान्स टीचर येणार. स्टुडिओ वहिनीच्या नावावर आहे, पण अठरा वर्षं चालतोय तो माझ्या पायांवर. मला विचारलं नाही.

टीचर म्हणजे कोण, तर रिटायर्ड नर्स! बावीस वर्षं कॅरिबियन बेटांवरच्या हॉस्पिटलांत काढली, तिथल्याच एका ढोलवाल्याशी लग्न केलं. तो गेल्यावर परत आली. रुंबा, मेरेंगे, बचाता, सगळं तिथल्या अंगणांत शिकली म्हणे. अंगणांत! मी सर्टिफिकेटवाला माणूस. तीन दिवसांचं वर्कशॉप, तेही एसी हॉलमध्ये. बाईंना बोंबा नावाचाही एक नाच येतो. नावातच सगळं आलं.

वहिनीचा हुकूम: आधी सगळ्या शिक्षकांनी बाईंच्या बिगिनर्स बॅचला बसायचं. सगळे शिक्षक म्हणजे मी. आणि डेमोला माझी पार्टनर असते म्हणून बायको.

ठरवलं. जायचं, पण निरीक्षक म्हणून. वही घेऊन.

५ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी ८.३०
बाई बुटक्या, साठीच्या, पायांत अजून नर्सचे पांढरे बूट. आल्या आल्या सगळ्यांना आरशाकडे पाठ करायला लावली. मी आरशाशिवाय नाचत नाही. तत्त्व आहे.

मग दोन लाकडी दांड्या एकमेकींवर आपटत बसल्या. टक, टक, टक. टक-टक. तासभर हेच ऐकायचं. मध्येच मला विचारलं, सर, तुम्ही सालसात एक-दोन-तीन, पाच-सहा-सात मोजता, मग चारला काय असतं? मी म्हटलं, चारला थांबायचं असतं. म्हणाल्या, तुम्ही थांबता, गाणं नाही थांबत.

सगळे हसले. बायकोही. ती जरा जास्तच.

नोंद: बाईंना सहकाऱ्याचा मान ठेवता येत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
माझ्या अ‍ॅडव्हान्स्ड बॅचला चौदापैकी चार जण आले. बाकीचे बाईंकडे. वहिनी म्हणाली, तिकडे जागा संपली म्हणून हे चार तरी राहिले. मी याकडे वेगळ्या दृष्टीने बघतो. आता निवडक लोक उरलेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार
निवडकांपैकी डेंटिस्टला बाईंकडे जागा मिळाली. तीन उरले.

आज रुंबा. गुडघे वाकवा, वजन खाली सोडा. बाई म्हणाल्या, आफ्रिकेतून साखळ्या घालून नेलेल्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांनी गोदीवर, चाळींच्या चौकांत हा नाच उभा केला, परीक्षकांकडे बघून हसायला नाही. मी कायम हसून नाचतो. तीच माझी स्टाइल आहे. त्यावर म्हणाल्या, दात दाखवायचेच असतील तर डॉक्टर मागच्या रांगेत उभे आहेत.

नंतर माझ्या कमरेवर हात ठेवून विचारलं, हा ताठरपणा किती वर्षांपासून? जसा काही मी केसपेपर काढून आलोय.

उद्यापासून रोज अर्धा तास कंबर.

२० फेब्रुवारी, गुरुवार
कंबर सोमवारपासून.

बायको हल्ली ओट्यापाशी उभी राहून डोलते. आज सकाळी मी तिचा कोपर नीट करायला गेलो. म्हणाली, अहो, बाजूला व्हा जरा, दूध उतू जाईल. गॅस बंद होता.

१ मार्च, शनिवार
वहिनीने दोन्ही बॅचेस एक करायचं ठरवलंय. बाईंच्या जोडीला एकच शिक्षक राहणार. कोण, ते बाई पंधरा तारखेला माझा आणि बायकोचा बोंबा बघून ठरवणार. भावाला फोन केला. त्याने उचलला नाही. वहिनीच्या दहशतीखाली असतो बिचारा.

पण बोंबाचा नियम ऐकला आणि जीव भांड्यात पडला. नाचणाऱ्याने एकट्याने ढोलासमोर जायचं. तो ढोलामागे जात नाही, ढोल त्याच्या मागे येतो. पाऊल जे म्हणेल ते ढोलाने म्हणायचं. इतक्या वर्षांनी माझ्या लायकीचा नाच सापडला!

चौसष्ट मात्रांची रचना बसवली. कागद कपाटाला चिकटवलाय. बायको काहीच तयारी करत नाही. तिला म्हटलं, घाबरू नकोस, ऐन वेळी माझ्याकडे बघ.

१५ मार्च, शनिवार, दुपारी ३
कपडे बदलायच्या खोलीत बसून लिहितोय.

पहिला मी. बाई पिंपासारखा ढोल घेऊन बसल्या. पहिल्या आठ मात्रा ढोल बरोबर मागे आला. मग हळू झाला. मग थांबला. मला वाटलं, आदराने थांबला असेल. तीस मात्रा तसाच पुढे गेलो. तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही पाढे म्हणताय. माझ्याशी बोला की काहीतरी."

मी उभा राहिलो. ढोलही गप्प. किती वेळ ते माहीत नाही. मोजलं नाही.

मग बायको गेली. तोच जुना निळा ड्रेस. नुसता खांदा हलवला, ढोल बोलला. पाऊल आपटलं, ढोल बोलला. ती थांबली, तोही थांबला. तिने घेराचं टोक झटकलं तशी बाई ढोल बडवत मोठ्याने हसल्या. डेंटिस्टने शिट्टी मारली.

चुका टिपायला मी वही उघडली. काही लिहिता आलं नाही. हॉलमध्ये उजेड कमी आहे.

संध्याकाळी ६
येताना तिला म्हटलं, छान झालं, पण लीडशिवाय तू जरा भरकटतेस. ती रस्त्यात थांबली. "अठरा वर्षं तुम्ही मला ओढत होतात," म्हणाली, "आणि मला वाटायचं, मला नाचता येत नाही."

थकली असेल. उद्या बोलू.

१७ मार्च, सोमवार
बाईंच्या जोडीला बायको. मी तडकाफडकी राजीनामा पाठवला. चार ओळी, खणखणीत. वहिनी संध्याकाळपर्यंत पाया पडत येणार.

१९ मार्च, बुधवार
वहिनीचं उत्तर आलं. मेसेजमध्ये नुसता अंगठा. अंगठा दाखवणं ऐकून होतो, आज पाहिला. पिवळा असतो.

२ एप्रिल, बुधवार
दोन स्टुडिओंत जाऊन आलो. दोघांनाही बाईंकडे शिकलेलं माणूस हवंय. एकाने बायकोचा नंबर मागितला. दिला. चुकीचा द्यायचा विचार आला होता.

बायको म्हणते, शिकायचं असेल तर सोमवारी सकाळी सातला नवी बॅच सुरू होतेय, बिगिनर्स. मी जाणार नाही. हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे.

७ एप्रिल, सोमवार, सकाळी ९
गेलो होतो. निरीक्षक म्हणून.

वही बाहेर ठेवायला लावली. पंधरा जण गोल उभे. बायको कागद घेऊन एकेकाला नाव, वय, गुडघ्यांचा त्रास विचारत आली. माझ्यासमोर थांबली. नाव तिने न विचारता लिहिलं. वयही. मग सगळ्यांना विचारला होता तोच प्रश्न, त्याच आवाजात: आधी कधी नाच शिकलायत का?

सगळे बघत होते. ती पेन धरून थांबली होती. घाई अजिबात करत नव्हती.

मी म्हटलं, नाही.

तिने लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाकडे वळली.