पाठीला पाठ

४ ऑक्टोबर
आज सकाळी डेलबर्ट रकमनच्या भाड्याच्या घरात राहायला आलो. दुपारपर्यंत सामान लागलं. घर लहान आहे, पण उबदार आहे. मागच्या दारातून सेजच्या झुडपांचा माळ थेट डोंगरापर्यंत दिसतो. डेलबर्टची बायको नोरीन बीन्सचं भांडं आणि मक्याचा पाव देऊन गेली. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.
आर्डिसला हे घर आवडलं असतं. ती मार्चमध्ये गेली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला एक फोटो काही मिळाला नाही: सूर्य बुडाल्यानंतरच्या उजेडात कोयोटांची, म्हणजे इथल्या लहान लांडग्यांची, जोडी, दोघंही स्थिर. तो काढायला मी इथे आलो आहे.

६ ऑक्टोबर
संध्याकाळी माळावर बसलो. तिचाच कॅमेरा, तिचीच लांब पल्ल्याची लेन्स, तिपाई. उजेड इतका कमी होता की शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागलं. कोयोटाने कान हलवला तरी फोटोत नुसता धूर.
परतताना कुंपणाशी डेलबर्ट भेटला. माझ्या गळ्यातली लाकडी शिट्टी पाहून त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, मास्तर, शाळेत पोरांना अक्कल शिकवलीस ना, मग स्वतःला थोडी ठेवायची होतीस! जखमी सशाचा आवाज काढायचा आणि पाठ उघडी टाकायची? कोयोट समोरून येत नाही, वारा धरून मागून वळसा घालतो. इथे कुणी एकटा शिट्टी फुंकत नाही. पाठीला पाठ लावून दुसरा माणूस लागतो. तोही नसेल तर कुंपणाचा खांब घे पाठीशी, पण पाठ रिकामी ठेवू नकोस.
मला हे ठाऊक आहे. आर्डिस शिट्टी फुंकायची, मी तिच्या पाठीला पाठ लावून मागे बघायचो. बोलायचं नाही, वळायचं नाही. कोयोट ज्या बाजूला, त्या बाजूने पाठीने हलकं रेटायचं. पण कुंपणापासून ती जोडी दिसत नाही.

९ ऑक्टोबर
शिट्टी फुंकली. जोडी आली, लांब थांबली. दोघांची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या मागे होती. मग शेपट्या पोटाशी घेऊन ती मागे सरकली. घरी पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. कान मागे पडलेले.

१० ऑक्टोबर
आज पाठीला काहीतरी टेकलं. रुंद, सरळ, जड. वाटलं, डेलबर्टची मस्करी. वळलो तर माळ रिकामा.
त्याच्या दारात जाऊन विचारलं. तो भडकला. म्हणाला, तुझ्या मेलेल्या बायकोवरून थट्टा करण्याइतका नीच नाही रे मी. नोरीनने त्याला आत ओढलं आणि मला रात्री इथेच झोपा भाऊ, असं दोनदा म्हणाली. मी नाही म्हटलं. डेलबर्ट माझ्या डोळ्यांत का बघत नव्हता?

१२ ऑक्टोबर
परत टेकलं. मी वळलो नाही. मोठ्याने म्हणालो, आर्डिसची पाठ अशी नव्हती, हाडं लागायची तिची.

१३ ऑक्टोबर
आज हाडं लागली. खांद्याखाली, तिथेच. पण श्वास नव्हता. मी म्हणालो, तिला धाप लागायची. श्वास सोडताना बारीक शीळ यायची.
म्हणायला नको होतं.

१४ ऑक्टोबर
शीळ आली. अगदी तिची. मी रडलो. मग डाव्या बाजूने हलकं रेटलं. तिकडे लेन्स वळवली, तर जोडी उभी. दोघंही स्थिर. शटर दाबलं.
फोटो मिळाला. स्वच्छ आहे. दोघांचे दात दिसताहेत.
आता माळावर जायचं काही कारण उरलं नाही.

१५ ऑक्टोबर
तरी गेलो. खात्री हवी होती. रसायनशास्त्र शिकवलं मी, पारखल्याशिवाय मानत नाही. पाठ टेकल्यावर खोटंच म्हणालो, आर्डिस माझ्याजवळ बसली की गुणगुणायची. ती जन्मात कधी गुणगुणली नाही. सूर नव्हता तिला, लाजायची.

१६ ऑक्टोबर
गुणगुणलं.

सामान भरलं आहे. सकाळी निघतो. डेलबर्टला सांगितलं. तो म्हणाला, आत्ताच चल, गाडी काढतो. मी म्हटलं, सकाळी. त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. म्हणाला, मास्तर, जखमी ससा नसतोच रे तिथे. नुसता आवाज असतो. कोयोटाला कुठे कळतं?

१७ ऑक्टोबर
निघालो नाही. गाडी सुरू केली, बंद केली.
दिवस मावळतो आहे. शिट्टी चुलीत टाकली. दार लावलं आहे.
मागच्या पायरीवर शीळ — श्वास सोडतानाची — आज गुणगुणणं नाही. नुसती धाप. तिच्या शेवटच्या आठवड्यातली. तेव्हाची धाप कशी होती, ते मी सांगितलं नव्हतं. कुणालाच —
ती नाही. मला माहीत आहे ती नाही.
पण असा श्वास दुसरं कुणी —
डाव्या बुटाची नाडी बांधून झाली. आता उजव्या