फरशी पुसणाऱ्या बाई

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तब्येत ठणठणीत आहे, नोकरीही शाबूत आहे. एवढं आईला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

आमच्या चष्म्याच्या कारखान्यातल्या मुख्य कारागिरांनी आज आजारपणामुळे काम सोडलं. त्यांच्यानंतर ती जागा मलाच मिळणार, असं मी गेल्या पत्रात छातीठोकपणे लिहिलं होतं ना? भिंगं घासायचं मोठं मशीन ते एकटेच चालवायचे. मालकांनी आम्हा सगळ्यांना त्यापुढे उभं केलं आणि विचारलं, "हे कोणाला चालवता येतं?"

सात वर्षं इथे काढून मी खाली मान घातली. तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या बाई ओले हात पदराला पुसत पुढे आल्या. त्यांनी मशीन लावलं आणि पहिलंच भिंग बिनचूक काढलं! ताई, अजून डोकं ठिकाणावर नाही.

दुपारी मी विचारलं, "शिकलात कधी?"

"दोन वर्षं झाली. तुम्ही चहाला गेलात की मी मशीनचं पुस्तक वाचायचे, अडलं की कारागिरांना विचारायचे. त्यांचे हात थरथरायला लागलेले मला दिसत होते. तुम्ही तर शेजारीच बसायचात, तुम्हाला नाही दिसले?"

दिसले होते गं. मी त्यांना चहा आणून द्यायचो, एवढंच.

उद्यापासून त्या मुख्य. शेवटी संकोच गिळून म्हटलं, "मलाही शिकवाल?"

"तासभर लवकर या," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

आईचा गुडघा कसा आहे? खरं काय ते लिही.

तुझा, अजून न सावरलेला,
धाकटा