क्वामेंचे रोखे

मंगळवार, जव्हार

विजयचा फोन येऊन गेला, पण मन अजून तिथंच आहे. खोडाळ्याच्या ताईचा हा मुलगा घानात एका कारखान्यात नोकरी करतो. व्याज चांगलं मिळतं म्हणून त्याने तिथल्या सरकारी रोख्यांत बचत ठेवली. मग सरकारच कर्जात रुतलं, परतफेड लांबली आणि त्याची बचत अडकली.

आज मात्र तो उत्साहात होता. "मावशी, लोक मिळेल त्या भावात रोखे विकतायत. आईच्या घरासाठी ठेवलेले पैसेही घालू का? तुम्ही अर्थशास्त्र शिकवता. देश सावरेल ना?"

सावरेल बहुधा. पण कधी, हे मला कुठे ठाऊक? मी विचारलं, "तुला विकतंय कोण?"

"आमच्या गोदामातले क्वामे. म्हातारे आहेत. बायकोच्या औषधाला पैसे हवेत त्यांना."

मिळेल त्या भावात! हिशोबाने पाहिलं तर सौदा फायद्याचाच होता. तरी माझ्याच्याने 'घे' म्हणवेना. एवढंच म्हटलं, "घराचे पैसे आहेत, आधी आईला विचार." मी चुकले का? स्पष्ट नको म्हणायला हवं होतं?

जेवण झाल्यावर त्याचाच पुन्हा फोन आला. "आई म्हणाली, घर थांबेल. मी क्वामेंना औषधाचे पैसे उसने दिले, मावशी. रोखे त्यांच्याकडेच राहू देत. देश सावरला, तर त्यांना पुरे पैसे मिळतील."

"आणि नाही सावरला तर?"

"तर आम्ही दोघे मिळून वाट बघू," म्हणाला, आणि हसला.