शिडी, सुटकेस, इस्त्री आणि चौथा शब्द

५ मार्च, रविवार
घरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला. बाबांचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या स्कूटरचा नंबर. जिन्याखाली उभं राहून कुणीही वाचावा. ऑफिसात मी लोकांना पासवर्ड कसा असावा ते शिकवते आणि घरी ही अवस्था. फार दिवस खुपत होतं.
पद्धत माझी नेहमीचीच. समोर दिसणाऱ्या चार वस्तूंची नावं, इंग्रजी अक्षरांत, सलग. रंगकामामुळे हॉलमध्ये सगळं इकडचं तिकडे झालंय, त्यामुळे वस्तूही नेहमीच्या नाहीत. उत्तम. डिस्कलाही कुलूप घातलं. पासवर्डशिवाय आतलं कुणालाही वाचता येणार नाही. अडीअडचणीला वापरायची रिकव्हरी की आहे, ती फाइल नीट सेव्ह केली.
बाबा केस कापायला गेले होते. रंगाचा वास सहन होत नाही म्हणून संध्याकाळी घाईघाईने आत्याकडे गेले. आठवड्याने येतील तेव्हा सांगेन. पासवर्ड कुठेही लिहिलेला नाही, इथेही नाही. मला गरज पडत नाही.

१२ मार्च, रविवार
बाबा सकाळी आले. आल्या आल्या कॉम्प्युटरसमोर. या महिन्याअखेर आत्याला पंचाहत्तर पूर्ण होतात. जुने फोटो स्कॅन करून प्रत्येकाखाली कोण, कुठे, कधी ते लिहिण्याचं त्यांचं काम वर्षभर चाललंय. त्याचं पुस्तक छापून आत्याला द्यायचंय.
पासवर्ड चालेना. बाबा खाली जाऊन स्कूटरचा नंबर बघून आले. तरी चालेना. पुन्हा खाली गेले. मग आईला म्हणाले, नंबर बरोबर आहे, म्हणजे पासवर्ड नंबरचा नव्हताच. मग कशाचा होता?
मी आंघोळीला जात होते. म्हटलं, बघते मी. आधी उघडून द्यावं आणि मग सांगावं, म्हणजे गोष्ट सरळ राहील.

रविवार, दुपारी
शिडी, सुटकेस, इस्त्री. चौथा शब्द आत्ता आठवत नाही. आठवेल. हॉल आता पुन्हा जागच्या जागी लागलाय, त्यामुळे थोडं अवघड आहे, इतकंच.
बादली, ब्रश, स्टूल, पंखा, पडदा करून पाहिलं. चुकीचे प्रयत्न जास्त झाले की कॉम्प्युटर थांबायला लावतो. ही चांगली सोय आहे. मीच चालू केली होती.

१३ मार्च, सोमवार
ऑफिसात आठवलं की रिकव्हरी की आहे. उगीच घाबरले. घरी जाऊन पाच मिनिटांचं काम.

सोमवार, संध्याकाळी
रिकव्हरी कीची फाइल त्याच कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर सेव्ह केलेली आहे. नाव दिलंय 'महत्त्वाचे'.

१४ मार्च, मंगळवार
बाबांना सांगायचं ठरवलं होतं. पण ते स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. मीठ, साखर, चहा. गीझरच्या बटणावर 'बंद कर'. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, सवय असलेली बरी.
आजोबा शेवटच्या वर्षांत बाबांना पोस्टमन समजायचे. रोज विचारायचे, आज काही आहे का. बाबा म्हणायचे, नाही, आज काही नाही. हे मला आईने सांगितलेलं. बाबा कधी बोलत नाहीत.
अशा वेळी सांगितलं तर त्यांना आपण चिठ्ठ्या उगीच लावल्या असं वाटून वाईट वाटेल. उद्या सांगेन. मी खोटं काही बोललेले नाही, हे नोंदवून ठेवते. न सांगणं ही वेगळी गोष्ट आहे.

१५ मार्च, बुधवार
ऑफिसात नवीन लोकांसाठी माझं सत्र. विषय सुरक्षित पासवर्ड. एका मुलीने विचारलं, मॅडम, चार वस्तूंतली एक विसरली तर? म्हटलं, ज्या वस्तू आपण खरंच पाहतो त्या विसरत नाही. सगळ्यांनी लिहून घेतलं.
घरी आले तर बाबांनी स्कूटरची किल्ली आईकडे दिलेली. पासवर्ड विसरतो तो सिग्नलही विसरेल, असं त्यांचं गणित. आई मला म्हणाली, तू एवढी शिकलेली, तुला साधा कॉम्प्युटर उघडता येत नाही? मी डिस्कच्या कुलपाची रचना समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, पण कुलूप घातलं कुणी?
म्हटलं, हल्ली आपोआप लागतात.
हे मात्र खोटं होतं. एकच.

१८ मार्च, शनिवार
बाबांना घेऊन डॉक्टरांकडे. वेळ त्यांनी स्वतःच घेतली होती. शंभरातून सात सात वजा करा, पाच शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. बाबांनी सगळं बिनचूक केलं. वजाबाकीत मी मनातल्या मनात एकदा चुकले.
डॉक्टर म्हणाले, उत्तम. हवं तर घरी सराव म्हणून एखादी खोली आधी कशी होती ते आठवत जा.
बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, पेपर सोपा होता. पाचवीतल्या पोरालाही जमला असता. सांगायची हीच वेळ होती. पण रस्त्यावर फार आवाज होता.

शनिवार, संध्याकाळी
बाबांनी आत्याला फोन केला. म्हणाले, फोटोंचं काम थांबवतो. कॉम्प्युटर उघडला तरी थांबवतो. कोण कुठला हे मी लिहिणार आणि ते चुकीचं निघालं तर ते छापलेलं राहील. आत्या बरंच काही बोलली असावी. बाबा फक्त हं, हं करत होते.
मी भांडी घासली. आज पाळी माझी नव्हती.

१९ मार्च, रविवार
आज सांगणार होते. हे ठरलेलं होतं, पुढे जे झालं त्याच्याआधीच ठरलेलं होतं.
बाबा हॉलमध्ये डोळे मिटून सराव करत होते. रंगकामाच्या दिवशीचा हॉल. पुटपुटत होते, खिडकीपाशी रंगाऱ्याची शिडी. दाराशी माझी सुटकेस. टेबलावर इस्त्री, कारण कपाट रिकामं केलं होतं.
मी विचारलं, अजून काय होतं?
ते डोळे न उघडता म्हणाले, "बटणाच्या बोर्डाखाली सायकलचा पंप. शेजारच्यांचा. सकाळी आणला होता, निघताना परत दिला."
मी कॉम्प्युटरशी गेले आणि चार शब्द टाइप केले. उघडला.
बाबा मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर आत्या आणि ते, शाळेच्या कपड्यांत. कोपऱ्यात 'महत्त्वाचे' नावाची फाइल. शिडी, सुटकेस, इस्त्री, पंप. शाबासकी मिळेल असं क्षणभर मला खरोखर वाटलं.
"तो हॉल त्या एकाच दिवशी तसा होता," बाबा म्हणाले. "मी केस कापायला गेलो होतो त्या दिवशी."
म्हटलं, हो.
"म्हणजे मी विसरलो नव्हतो."
मी म्हटलं, तुमचा पासवर्ड सुरक्षित नव्हता. वाक्य अचूक होतं. बाबा स्वयंपाकघरात जाऊन डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढू लागले. गोंद चांगला होता. नखाने खरवडावं लागत होतं. मी मदतीला गेले तर म्हणाले, "असू दे. मला येतं."

२० मार्च, सोमवार
बाबांनी किल्ली परत घेतली. स्कूटरवरून फोटोपेपर आणायला गेले. मागे बसून येऊ का विचारलं. म्हणाले, नको.

२५ मार्च, शनिवार
पुस्तक छापून आलं. मी पाहिलं. एकही नाव चुकलेलं नसावं. शेवटच्या पानावर माझा फोटो आहे, मी सहा वर्षांची, एक रेडिओ उघडून बसलेली. खाली बाबांनी लिहिलंय: 'रेडिओ पुन्हा चालला नाही. आपोआप बिघडला, असं हिचं म्हणणं.'
घटना बरोबर आहे.
बाबांनी पासवर्ड बदललाय. माझ्याच पद्धतीने, चार वस्तू. मला सांगितलेला नाही. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे.
आईला विचारलं. तिला माहीत आहे. म्हणाली, "राहू दे. तुझ्या लक्षात राहणार नाही."